तिजोरीचा कारागीर

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडण्यापूर्वी क्षणभर थबकतो आणि भगदाड कोणत्या आकृतीचे पाडावे याचा विचार करू लागतो, विटा भाजक्या आहेत की कच्च्या हे पारखतो, कमळ, सूर्य, चंद्रकोर, पूर्णकुंभ अशा शास्त्रोक्त आकृतींचा मनाशी आढावा घेतो, मापाची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच अंगावरच्या यज्ञोपवीताने भिंत मापतो, आणि सकाळी जमणारे लोक चोराला नावे ठेवतानाच त्याच्या हाताच्या सफाईलाही दाद देतील अशी उमेद बाळगून कामास लागतो. चोरी हे पाप खरे, परंतु पाप करणाऱ्याच्या अंगीही कारागिराचा अभिमान असू शकतो, आणि तो अभिमान पाहताना सज्जन प्रेक्षकालाही घटकाभर न्यायाधीशाची भूमिका बाजूला ठेवावीशी वाटते, हे रहस्य आपल्या प्राचीन नाटककाराला पुरते ठाऊक होते. या शर्विलकाचा एक दूरचा वंशज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कच्या राजधानीत अवतरला. त्याचे नाव एगॉन ओल्सेन. त्याच्या टोळीच्या नावाने १९६८ पासून १९९८ पर्यंत चौदा चित्रपट निघाले. शेजारच्या नॉर्वेने आणि स्वीडनने त्याला आपापल्या भाषेत नवा जन्म दिला. आणि पूर्व जर्मनीसारख्या कुंपणबंद राष्ट्राने तर त्याला घरचाच माणूस मानले. इतकी वर्षे, इतक्या सीमा ओलांडून, तीच ती कथा लोकांनी पुन्हा पुन्हा का पाहिली, आणि ती तीच राहूनही आतून कशी पालटत गेली, याचा मागोवा घेण्याजोगा आहे; कारण माझ्या मते या चित्रमालिकेच्या इतिहासात, संपत्ती कोठे ठेवली जाते आणि ती खऱ्या अर्थाने कोण पळवतो, या प्रश्नाचाच तीन दशकांचा इतिहास दडलेला आहे.

चोरीचा बेत हाच कथेचा कणा मानणारे चित्रपट महायुद्धोत्तर काळात पाश्चात्त्य देशांत एका स्वतंत्र शाखेच्या रूपाने वाढीस लागले. जॉन ह्यूस्टनचा ‘द अस्फाल्ट जंगल’ १९५० साली आला, पुढच्याच वर्षी इंग्लंडातील ईलिंग चित्रसंस्थेने ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये एका निरुपद्रवी कारकुनाकडून सोन्याच्या विटा पळवून दाखवल्या, ज्यूल्स दासँच्या १९५५ च्या ‘रिफिफी’त जवाहिऱ्याच्या दुकानातील चोरीचा जवळजवळ अर्ध्या तासाचा प्रसंग एकाही संवादावाचून उलगडत गेला, आणि १९५८ साली मारियो मोनिचेल्ली या इटालियन दिग्दर्शकाने तोच गंभीर बेत बेकार, भाबड्या आणि अर्धपोटी माणसांच्या हाती देऊन त्यातून हास्य आणि कारुण्य एकाच वेळी निर्माण केले. डेन्मार्कमध्ये हे बीज पडले तेव्हा तेथील भूमी तयार होती. १९०६ साली ओले ओल्सेन नावाच्या उद्योजकाने कोपनहेगन येथे स्थापन केलेली ‘नॉर्डिस्क’ ही चित्रसंस्था जगातील सर्वांत जुन्या चालू चित्रसंस्थांपैकी एक होय, आणि पृथ्वीच्या गोलावर उभे असलेले पांढरे अस्वल ही तिची मुद्रा डॅनिश आबालवृद्धांच्या परिचयाची आहे. या संस्थेत एरिक बालिंग नावाचा कसलेला दिग्दर्शक होता. ग्रीनलंडच्या पार्श्वभूमीवर त्याने केलेल्या ‘किवितोक’ या १९५६ च्या चित्रपटाला परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले होते. आणि १९६५ व १९६६ साली त्याने जेम्स बाँडच्या तत्कालीन लाटेची थट्टा करणारे दोन हेरपट काढून लोकांना खळखळून हसवले होते. या हेरपटांत मॉर्टन ग्रुनवाल्ड, ओवे स्प्रोगो आणि पॉल बुंडगार्ड हे तिघे नट प्रथम एकत्र आले, आणि त्या तिघांतूनच पुढची टोळी सिद्ध झाली.

बालिंगचा सहलेखक हेनिंग बास हा मुळात नेपथ्यकार आणि यांत्रिक करामतींचा जाणकार होता, ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ओल्सेन टोळीचे वेगळेपण येथूनच सुरू होते असे मला वाटते. शब्दांवर पोसलेला लेखक चोरीचा बेत संवादांतून रचतो. बाससारखा हातांनी वस्तू घडवणारा माणूस तो वस्तूंतून रचतो. म्हणून एगॉनच्या बेतात बंदुका, बुरखे आणि भरधाव मोटारी यांना मानाचे स्थान नाही. तो आपल्या साथीदारांना जी यादी देतो तीत फुगा, दोरी, बाटली, खेळणे, एखादा गणवेश, असल्या घरोघर सापडणाऱ्या चिजा असतात, आणि त्या कशासाठी हव्यात याचा पत्ता साथीदारांनाही नसतो, प्रेक्षकांनाही नसतो. मग एकेक वस्तू योग्य क्षणी योग्य जागी जाऊन बसते, पहारेकऱ्यांची नजर चुकते, दारे उघडतात, आणि आपण मघाशी ज्या वस्तूला निरुपयोगी समजलो तिच्यावाचून हे घडणेच अशक्य होते हे उमगून प्रेक्षक आनंदित होतो. यंत्राचे भाग टेबलावर विखुरलेले पाहावेत आणि मग ते जुळून यंत्र फिरू लागताना पाहावे, तसा हा आनंद आहे.

पहिला चित्रपट १९६८ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. त्याचा सूर पुढच्या भागांच्या मानाने प्रौढ आणि काहीसा उग्र होता, आणि त्याची मालिका होईल अशी अपेक्षा कर्त्यांनी बाळगलेली दिसत नाही. परंतु दुसरा, तिसरा, चौथा असे भाग येत गेले तसतसा कथेचा एक पक्का शिरस्ता पडला. आरंभी व्रिड्सलोसेलिले येथील सरकारी तुरुंगाचा दरवाजा उघडतो आणि तीन तुकड्यांचा सूट, डोक्यावर गोल टोपी व तोंडात चिरूट अशा वेषात एगॉन बाहेर येतो. हा तुरुंग काल्पनिक नव्हे. कोपनहेगनच्या पश्चिमेस १८५९ सालापासून उभी असलेली ती खरीखुरी वास्तू होय. दाराशी बेनी आणि केल स्वागतास हजर असतात. बेनी हा उंच, चुळबुळ्या, आखूड विजारीखालून पिवळे मोजे दाखवीत नाचऱ्या पावलांनी चालणारा. आणि केल हा गुबगुबीत, भित्रा, कातडी पिशवी छातीशी धरून सतत घरच्या काळजीत असलेला. केलच्या घरी त्याची बायको इव्हॉन या सर्वांवर तोंडसुख घेते आणि त्याच वेळी येऊ घातलेल्या श्रीमंतीची स्वप्नेही रंगवू लागते. बियरचे ग्लास भरले जातात आणि एगॉन गंभीरपणे जाहीर करतो की, तुरुंगात बसून आपण एक बेत आखला आहे. बेत तडीस जातो. मुद्देमाल हाती येतो. आणि मग कोणाच्या तरी बावळटपणाने, कोणाच्या तरी हौसेपायी किंवा निव्वळ दैवाच्या उलट्या फाशाने तो हातचा जातो. एगॉन साथीदारांवर शिव्यांची लाखोली वाहतो, आणि अखेरीस बहुधा त्याचीच रवानगी पुन्हा त्याच दरवाजाआड होते.

असा साचा एकदा ठरला म्हणजे नावीन्य संपले, असे म्हणणारे टीकाकार डेन्मार्कमध्येही होते. परंतु कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांचा क्रम ठरलेला असतो म्हणून श्रोता कंटाळत नाही. उलट क्रम ठाऊक असल्यामुळेच आजच्या बुवाने त्यात कोणती नवी जागा घेतली हे त्याला कळते. ओल्सेन टोळीच्या प्रेक्षकांचेही तसेच झाले. एगॉन फसणार हे सर्वांना माहीत होते. या खेपेस कसा फसणार, एवढेच पाहायचे उरले होते, आणि त्या एवढ्यातच पटकथाकारांचे सारे चातुर्य पणास लागत होते. बेंट फाब्रिसियस-बियेर या संगीतकाराची शीळ घालावीशी वाटणारी चाल सुरू झाली की चित्रगृहातील वातावरण सणासारखे होई, आणि दर वर्षी येणारा नवा भाग ही कुटुंबाने मिळून साजरी करायची गोष्ट होऊन बसली.

या साच्याच्या केंद्रस्थानी एक तिजोरी आहे. ती प्रचंड, काळपट, जर्मन घडणीची. तिच्या दारावर निर्मात्याचे नाव कोरलेले: फ्रान्झ येगर, बर्लिन. हे नाव दिसताच एगॉनच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो लोभाचा नव्हे, आदराचा असतो. तो टोपी मागे सरकवतो, सर्वांना गप्प राहण्याची खूण करतो, वैद्याची नळी कानांत अडकवून तिचे दुसरे टोक लोखंडाला लावतो, बोटे मोकळी करतो, आणि आकड्यांची चकती हळूहळू फिरवीत आतल्या खटक्यांचा आवाज ऐकू लागतो. ओवे स्प्रोगो या नटाचे मोठेपण अशा प्रसंगी दिसते. कारण आरडाओरड करणारा, तडकून उठणारा एगॉन या एका ठिकाणी पूर्ण शांत, जवळजवळ ध्यानस्थ होतो, आणि घटकाभर आपण एका चोराकडे पाहत नसून आपल्या विद्येशी एकनिष्ठ असलेल्या माणसाकडे पाहत आहोत अशी आपली खात्री पटते. दार उघडते तेव्हा त्याला ऐवजाहून अधिक समाधान दार उघडल्याचे असते. शर्विलकाचे रक्त ते हेच.

मालिकेची खरी उत्क्रांती या तिजोरीच्या पोटात घडली. तिजोरी तीच राहिली. तिच्यातला ऐवज पालटत गेला. आरंभीच्या भागांत चोरायची वस्तू दिसणारी, हाताळता येणारी, वजनाची असते. १९७१ च्या भागात टोळी राजधानी सोडून युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाते आणि जर्मन सैन्याने युद्धकाळात बांधलेल्या काँक्रीटच्या खंदकघरांत दडवलेला खजिना शोधते. ती खंदकघरे आजही त्या वाळूत रुतून पडलेली आहेत, आणि अंमलदारी गेली तरी तिची बांधकामे मागे उरतात हे सत्य त्या विनोदी चित्रपटातही जाणवल्यावाचून राहत नाही. १९७५ च्या भागात सारा बेत रेल्वेच्या वेळापत्रकावर उभा आहे. रूळ, सांधे, सिग्नल आणि मिनिटांचा हिशेब यांच्या जोरावर मौल्यवान मालाचा डबा सरकारी लोहमार्गांवरून हवा तसा फिरवला जातो, आणि सार्वजनिक खात्याची शिस्त हीच चोराच्या हातचे साधन बनते. येथवर एगॉनची विद्या आणि त्याचा काळ यांचा मेळ बसत होता. शेवटचा भाग म्हणून १९७४ साली एक चित्रपट काढण्यात आला होता आणि त्याच्या नावातच तसे सूचित केलेले होते. परंतु पुढच्याच वर्षी ही रेल्वेची कथा घेऊन टोळी परतली, यावरून तिची मुळे लोकमानसात किती खोल गेली होती हे कळून येते.

१९७६ च्या भागातील एका प्रसंगाचा येथे सविस्तर उल्लेख केला पाहिजे, कारण साऱ्या मालिकेचा तो कळसाध्याय होय. टोळीला कोपनहेगनच्या राजनाट्यगृहाच्या पोटातून वाट काढायची आहे, आणि वाटेत एकामागून एक भिंती आहेत. भिंती फोडायच्या तर आवाज होणार. आवाज झाला तर पहारेकरी धावणार. परंतु वर रंगमंचावर ‘एल्वरहोय’चा प्रयोग आहे. हे डॅनिश लोकांचे राष्ट्रीय नाटक १८२८ साली प्रथम रंगभूमीवर आले, आणि फ्रीड्रिख कूलाउ याने त्यासाठी रचलेल्या पूर्वरंगाच्या संगीतात डेन्मार्कच्या राजगीताची धून गुंफलेली आहे. एगॉनचा बेत असा की, वाद्यवृंद जेथे जोर करील तेथे आपण घाव घालायचा. वर व्हायोलिने हलकेच वाजू लागतात तेव्हा खाली तिघे श्वास रोखून थांबतात. नगाऱ्यावर टिपरी पडते त्याच क्षणी भिंतीवर हातोडा पडतो. संगीताची लय चढते तसा कामाचा वेग चढतो, आणि जेथे सारा वृंद एकदम उसळतो तेथे सुरुंग उडतो, तो वर कोणाच्या कानावरही जात नाही. प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांत बसून राष्ट्राचे अभिजात संगीत ऐकत आहेत आणि त्यांच्या पायांखाली तीन कामकरी माणसे त्याच तालावर भिंती फोडीत आहेत, हे दृश्य एकाच वेळी विनोदाचा, संगीताचा आणि समाजचिकित्सेचा नमुना आहे. चित्रपटातील चोरीच्या प्रसंगांत ‘रिफिफी’च्या मौनाला ज्याने ज्याने उत्तर दिले असेल, त्यांत हे नादमय उत्तर मला सर्वांत सुंदर वाटते.

याच सुमारास मालिकेच्या आशयाला एक नवे वळण लागत होते. १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायाचा सभासद झाला. आदल्या वर्षी त्या प्रश्नावर देशभर जनमतकौल घेण्यात आला होता, आणि आपल्या छोट्या, सुखवस्तू, कल्याणकारी राज्याची दौलत आता परक्या शहरांतील कार्यालयांतून कारकुनी फर्मानांनी हलवली जाणार की काय, ही शंका सामान्य माणसाच्या मनात घर करून होती. बालिंग आणि बास यांनी ती शंका उचलली. एगॉनचे प्रतिस्पर्धी पूर्वी त्याच्यासारखेच चोर असत. आता ते मोठमोठ्या कंपन्यांचे संचालक, वंशपरंपरेने गब्बर झालेले सरदार, आणि कायद्याचे पंडित पदरी बाळगणारे व्यापारी झाले. त्यांच्या तैनातीत एक धिप्पाड मारेकरी असतो. ओवे वेर्नर हान्सेन या अभिनेत्याने तो असा काही उभा केला की त्याची केवळ आकृती दारात दिसली तरी पुढचे संकट कळावे. या सद्गृहस्थांना एगॉनच्या तिजोरी फोडण्याच्या हुन्नराची गरज पडते. काम होताच ते त्याला दगा देतात आणि त्याचा काटा काढू पाहतात. आक्सेल स्ट्रोब्यू याने वठवलेला पोलीस अधिकारी येन्सेन आपल्या तरुण सहकाऱ्याला खिन्न अनुभवाचे बोल ऐकवीत राहतो: खरे मोठे चोर आपल्या हाती लागायचे नसतात, त्यांच्यावर फिर्याद होत नाही, वरून हुकूम येतो आणि दप्तर बंद होते. विनोदी चित्रपटाच्या तोंडून इतके कडू सत्य इतक्या वेळा आणि इतक्या सौम्यपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धातील एका भागात एगॉन तुरुंगातून सुटून येतो तो त्याच्या स्वागताला कोणीच नसते. बेनी आणि केल यांनी गणकयंत्राच्या साह्याने बेत आखणाऱ्या एका तरुणाला नायक केलेले असते. मालिकेने स्वतःच्याच नायकाला विचारलेला हा प्रश्न होता: बोटांच्या टोकांवर असलेल्या विद्येचे आता काय करायचे? १९७८ च्या भागात हाती लागणारी वस्तू म्हणजे सोने नव्हे, रत्ने नव्हेत, तर एक गुप्त मसुदा आहे, आणि त्या मसुद्यात साऱ्या डेन्मार्कचेच परदेशी पर्यटकांसाठी एक प्रचंड विश्रामोद्यान करण्याची योजना आहे. १९७९ चा भाग थेट ब्रुसेल्सला पोचतो. म्हणजे दहा वर्षांच्या अवकाशात तिजोरीतून मूर्त ऐवज निघून गेला आणि त्याच्या जागी कागद आला. कागदावर एक अख्खा देश लिहिलेला. ज्या चोराला खटक्यांचा आवाज ऐकू येतो त्याला सहीचा आवाज ऐकू येत नाही. एगॉनचा पराभव आता साथीदारांच्या बावळटपणामुळे जेवढा होतो तेवढाच या नव्या परिस्थितीमुळे होतो, आणि म्हणूनच उत्तरार्धातील हसण्याला एक गहिरी किनार लाभली आहे. या काळात, १९७८ ते १९८१ या वर्षांत, बालिंग दूरचित्रवाणीसाठी ‘मॅटाडोर’ ही मालिका दिग्दर्शित करीत होता, आणि एका लहान गावातील जुनी पेढी व नवा दुकानदार यांच्या संघर्षातून १९२९ ते १९४७ या काळातील डॅनिश समाजाचे चित्र काढीत होता, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पैसा माणसांमधून कसा वाहतो, हा या दिग्दर्शकाचा आवडीचा विषय होता. एकीकडे त्याने तो इतिहासाच्या अंगाने मांडला, दुसरीकडे प्रहसनाच्या.

शेजाऱ्यांनी या टोळीचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. नॉर्वेने डॅनिश पटकथा घेऊन १९६९ सालीच आपली टोळी उभी केली. क्नूट बूव्हिम याने तिचे बहुतेक चित्रपट दिग्दर्शित केले आणि आर्वे ओप्सालने नॉर्वेजियन एगॉन साकारला. तेथेही १९९९ पर्यंत चौदा चित्रपट झाले. नॉर्वेने मात्र १९७२ च्या जनमतकौलात युरोपीय समुदायास नकार दिला असल्यामुळे डॅनिश कथेतील तो रोख तेथे तसाच्या तसा उतरणे शक्य नव्हते. तेथील चित्रपट अधिक घरगुती, अधिक मोकळ्या हास्याचे झाले, आणि केलची खमकी बायको वाल्बोर्ग हे पात्र ऑड शोनेमान या अभिनेत्रीने राष्ट्राच्या आवडीचे करून सोडले. स्वीडनमध्ये हे रोप उशिरा, १९८१ साली, लागले आणि अधिक बदलले. तेथे टोळीचे नाव ‘यॉन्सन’ झाले. योस्टा एकमान या थोर नटाने तिच्या नायकाला एगॉनहून अधिक पंडिती, अधिक नीटनेटका, घड्याळाच्या काट्यावर चालणारा केला. सुरुंगविद्येत तरबेज पण मद्याच्या आहारी गेलेला डायनामाइट हॅरी हे पात्र डेन्मार्कमध्ये प्रेबेन कास या नटाने मोजक्या भागांपुरते रंगवले होते. स्वीडनमध्ये मात्र तो टोळीचा कायमचा सभासद झाला. एकाच बीजाची तीन देशांत तीन झाडे झाली, आणि प्रत्येक झाडाने आपल्या मातीचा रंग घेतला.

सर्वांत विलक्षण प्रवास मात्र पूर्व जर्मनीतला. तेथील सरकारी चित्रसंस्था ‘डेफा’ने हे चित्रपट जर्मन भाषेत ध्वनिमुद्रित केले, कार्ल हाइन्झ ओपेलच्या आवाजातील एगॉन तेथे घरोघरी ओळखीचा झाला, आणि बेनीच्या तोंडची शाबासकी लोकांच्या बोलण्यात रुळली. भांडवलदारांची लबाडी उघडी पाडणारा चित्रपट म्हणून राज्यकर्त्यांना तो सोयीचा वाटला असणे शक्य आहे. परंतु प्रजेने त्यात आणखीही काही पाहिले असावे असा माझा तर्क आहे. जेथे प्रत्येक गोष्टीची योजना वरून आखली जात होती आणि जेथे साध्या वस्तूसाठीही क्लृप्ती लढवावी लागत होती, तेथे हाताशी असलेल्या चार चिजांतून अजब यंत्र जुळवणारा, मुदतबंद योजना घेऊन येणारा आणि ती ऐनवेळी फसलेली पाहणारा माणूस लोकांना सख्खा वाटावा, यात नवल नाही. ते राज्य लयाला गेले, सीमेवरची भिंत पाडली गेली, तरी एगॉनवरील तेथील लोकांचे प्रेम ओसरले नाही. जर्मनीत त्याच्या चाहत्यांची मंडळे आजही आहेत.

१९८१ साली डेन्मार्कमध्ये दोन चित्रपट लागोपाठ प्रदर्शित झाले आणि बालिंगने मालिका थांबवली. इव्हॉनची भूमिका करणारी किर्स्टन वाल्टर १९८७ साली निवर्तली. सतरा वर्षांच्या खंडानंतर, १९९८ मध्ये, वृद्ध झालेल्या टोळीचा अखेरचा चित्रपट काढण्यात आला. त्याचे चित्रण चालू असतानाच केलची भूमिका करणारा पॉल बुंडगार्ड मरण पावला, आणि उरलेल्या दृश्यांत दुसऱ्या नटाला पाठमोरा उभा करून काम निभावून न्यावे लागले. दिग्दर्शक टॉम हेडेगोर हाही काम पुरे होण्यापूर्वीच वारला, आणि मॉर्टन आर्नफ्रेडने ते तडीस नेले. हेनिंग बास २००२ मध्ये, ओवे स्प्रोगो २००४ मध्ये, एरिक बालिंग २००५ मध्ये, आणि टोळीतील शेवटचा शिलेदार मॉर्टन ग्रुनवाल्ड २०१८ मध्ये गेला. पुढे या पात्रांच्या बालपणाच्या कथा निघाल्या, ॲनिमेशनपट निघाले, आणि व्रिड्सलोसेलिले तुरुंगाकडे जाणाऱ्या वाटेला ‘एगॉन ओल्सेन मार्ग’ असे अधिकृत नाव देण्यात आले. राज्याने आपल्या तुरुंगाचा रस्ता एका काल्पनिक चोराच्या नावे करावा, हा सन्मान पुष्कळ खऱ्या सेनापतींच्याही वाट्यास येत नाही.

दीर्घकाळ चाललेल्या चित्रमालिकांबद्दल विद्वानांत सामान्यतः एक तुच्छता आढळते. यश मिळाले म्हणून तेच ते पुन्हा काढले, एवढ्यावर त्यांची वासलात लावली जाते. ओल्सेन टोळीच्या बाबतीत हा निकाल अन्यायाचा ठरेल. पुनरुक्ती ही तिची उणीव नव्हती. ती तिची मोजपट्टी होती. माणसे तीच, तुरुंगाचा दरवाजा तोच, तिजोरीवरील नाव तेच, असे ठेवल्यामुळे त्यांच्या भोवतालचा समाज किती सरकला हे तंतोतंत मोजता आले: खंदकातील खजिन्यापासून कागदावरील करारापर्यंत, हातोड्यापासून गणकयंत्रापर्यंत, दरोडेखोर प्रतिस्पर्ध्यापासून अब्रूदार संचालकापर्यंत. एकेकट्या चित्रपटाला हे साधले नसते. त्यासाठी तीस वर्षे आणि चौदा भागच हवे होते. कोणत्याही राष्ट्राच्या अर्थव्यवहाराचा इतिहास लिहिणारा पंडित जमाखर्चाची दप्तरे चाळतो, सरकारी अहवाल तपासतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या व्यवहाराकडे सामान्य माणूस कोणत्या नजरेने पाहत होता, त्याला कोण साव वाटत होता आणि कोण चोर, हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याने ज्या कथेवर वर्षानुवर्षे प्रेम केले ती कथाही साक्षीला बोलावली पाहिजे. एगॉन ओल्सेनची साक्ष स्पष्ट आहे. जो स्वतःच्या हातांनी कुलूप उघडतो त्याला शिक्षा होते आणि तो ती दर वेळी भोगून येतो. जो दुसऱ्याच्या हातून कुलूप उघडवतो आणि कागदावर सही करतो त्याच्या दारी पोलीसही अदबीने उभा राहतो. या विषमतेवर डेन्मार्कने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी रागावून उठण्याऐवजी मनमुराद हसून घेतले, आणि हसता हसता ती विसरण्याचे नाकारले. लोकप्रिय कलेने आपल्या समाजासाठी याहून अधिक काय करावे, असे विचारले तर मला उत्तर सापडत नाही.